मॅगीच्या गावातली बरणी

तुमची कुंडली काढायला स्वित्झर्लंडमध्ये ज्योतिषी लागत नाही. कचरा पुरतो.

तिथे कचऱ्याची पिशवीच मुळात विकत घ्यावी लागते. नगरपालिकेचा छाप असलेली, ३५ लिटरची एक पिशवी, जवळपास दोन फ्रँकला. साध्या पिशवीत भरून ठेवलात तर कुणी उचलत नाही. त्यामुळे अख्खा देश कचरा कमी करण्याच्या मागे लागलेला. काच वेगळी, त्यातही हिरवी, तपकिरी, पांढरी अशी वर्गवारी. अॅल्युमिनियम वेगळं. रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधून ठरलेल्या दिवशी दारात. मी नवी होते. कप-सूपचे रिकामे कप कागदाचे दिसतात, म्हणून ते मी रद्दीच्या गठ्ठ्यात खोचून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक. घरमालकीणबाई. हातात माझे कप, स्वच्छ धुतलेले, एकात एक घातलेले.

"हे रद्दीत चालत नाहीत. आतून प्लास्टिक असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कप मोजले. माझ्यादेखत. "अकरा. एका आठवड्यात?"

मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच.

आता जरा मागचं सांगते. २०२३च्या मार्चमध्ये पुण्याच्या ऑफिसने मला एका बँकेच्या प्रोजेक्टवर वर्षभरासाठी झुरिकला पाठवलं. 'ऑनसाइट' हा शब्द ऐकायला किती झकास वाटतो! फेसबुकवर बर्फाचे फोटो, तळ्याकाठचे फोटो, चुलतबहिणींचे 'लकी यू'. प्रत्यक्षात झुरिकचं भाडं ऐकून छाती दडपली आणि मी पंचवीस मिनिटांवरच्या विंटरथूरला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. सकाळी सातला पुण्याच्या टीमबरोबर कॉल, कारण ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे (हिवाळ्यात साडेचार). मग बँकेत. मग पुन्हा कॉल. घरी पोचेपर्यंत आठ-साडेआठ, तोवर बहुतेक दुकानं बंद. रविवारी तर सगळंच बंद. बाहेर साधं जेवायचं म्हटलं तरी वीस-पंचवीस फ्रँक, आणि मी मनातल्या मनात गुणिले नव्वद करणार. बरं, मी शाकाहारी. सूप मागवावं तर खाली पाणी मांसाचं. झुरिकमध्ये हिल्टल नावाचं १८९८ पासूनचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, तिथे मात्र चैन असते. पण ती पगाराच्या दिवशीची चैन.

तर उरलं कप-सूप. पाणी उकळा, ओता, तीन मिनिटं थांबा. लॅपटॉपसमोर बसून प्या. मार्च ते जून या चार महिन्यांत माझं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. आईचा फोन यायचा, "जेवलीस का गं?" मी म्हणायचे, "हो, आमटी-भात केला होता." रोज. कधी आमटी-भात, कधी मुगाची खिचडी, एकदा तर भरली वांगी. खोटं बोलताना मेनू सुचतो, हे एक बरं असतं.

ते अकरा कप घेऊन घरमालकीणबाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. ओटा कोरा करकरीत. फ्रिज उघडायची परवानगी मागितली आणि उघडला. आत दूध, लोणच्याची बरणी आणि चॉकलेट. वयाने ब्याऐंशीच्या, बारीक अंगाच्या, एक गुडघा धरलेला. मला वाटलं आता लेक्चर. तर त्या खाली गेल्या आणि एक छोटी काचेची बरणी घेऊन आल्या. आत हिरवट-नारिंगी काहीतरी, ओल्या चटणीसारखं. बरणीवर बाहेरून बर्फ धरलेला, पण आतलं मऊ. एक भरगच्च चमचा माझ्या मगात टाकला, वर उकळतं पाणी. वास सुटला आणि मी चक्क म्हटलं, "मॅगी!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

हसण्याचं कारण नंतर कळलं. त्या बरणीत एक पाला असतो. जर्मनमध्ये त्याचं खरं नाव लीबश्टोकेल. दिसायला कोथिंबिरीचा थोराड काका, मोकळ्या जमिनीत पुरुषभर उंच वाढणारा. पण तिथले लोक त्याला सर्रास 'मॅगीक्राउट' म्हणतात, मॅगीचा पाला. का, तर त्याचा वास थेट मॅगीच्या त्या तपकिरी बाटलीतल्या सॉससारखा येतो. आणि गंमत म्हणजे त्या सॉसमध्ये हा पाला नसतोच! तो सॉस गव्हातल्या प्रथिनांपासून बनतो. म्हणजे पाला हजारो वर्षं जुना, बाटली १८८६ची, आणि नाव पाल्याला बाटलीवरून पडलं. मी मगात नाक घालून बसले होते आणि मला आठवत होतं पुण्यातलं हॉस्टेल, रात्रीचे दोन, इलेक्ट्रिक किटलीत उकळलेल्या नूडल्स.

"शुक्रवारी सुट्टी घ्या," बाई म्हणाल्या. "अर्धा दिवस. बाजारात जाऊ."

सुट्टी घ्यायला मी तीन आठवडे लावले. ते सोडून द्या.

विंटरथूरचा भाजीबाजार जुन्या गावात भरतो, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. स्टाइनबेर्गगासं नावाची रुंद, गाड्या नसलेली गल्ली आहे, दोन्ही बाजूंना जुनी घरं. मध्ये डोनाल्ड जड या अमेरिकन कलावंताच्या कल्पनेतले तीन मोठे गोल हौद. उन्हाळ्यात पोरं त्यात डुंबतात आणि कलेचं कुणाला काही पडलेलं नसतं. मला हे फार आवडलं. विंटरथूर तसं पर्यटकांच्या यादीतलं गाव नाही. रेल्वे इंजिनं आणि यंत्रं बनवणारं कारखान्यांचं गाव होतं ते. आता कारखान्यांच्या जागी कॉलेजं, फ्लॅट्स, थिएटरं. ज्यांना बर्फाळ शिखरं आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई हव्यात, त्यांनी सरळ इंटरलाकेनचं तिकीट काढावं.

बाई भाजी घेतात ते बघण्यासारखं असतं. गाजरं पाल्यासकट. लीक, म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा मनगटाएवढा जाड भाऊ, तो चिरून आतली माती बघून. सेलरीचा गड्डा हे मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं. खरबरीत, मातकट, सुरणाच्या चुलतभावासारखं ध्यान, आणि कापलं की आत पांढरंशुभ्र. पार्सलीची जुडी. कांदे घरात होते. लीबश्टोकेल त्यांच्या कुंडीत. पूर्वी त्यांचा गावाबाहेर भाड्याचा भाजीमळा होता. तिथल्या बऱ्याच लोकांचा असतो, शंभर-दोनशे चौरस मीटरचा तुकडा आणि त्यावर एक खेळण्यातली वाटावी अशी झोपडी. गुडघ्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो सोडला. सोडताना एवढा एकच पाला कुंडीत घालून घरी आणला.

आता प्रमाण. बाईंनी मला वजनकाट्यासमोर उभं केलं, अंदाजपंचे चालत नाही म्हणाल्या. सोललेली गाजरं ३०० ग्रॅम, सेलरीचा गड्डा २५०, लीक २००, कांदा १५०, पार्सली आणि लीबश्टोकेल मिळून १००. झाले एक किलो. लसणाच्या दोन पाकळ्या मी माझ्या जबाबदारीवर टाकल्या. मीठ १५० ग्रॅम. हो, दीडशे. मीही असेच डोळे विस्फारले होते. पण हे सूप नव्हे, सूपाचं वाटण आहे. मगाला एक चमचा जातं, आणि त्या मगात दुसरं मीठ घालायचं नसतं. ब्लडप्रेशरवाल्यांनी चमचा सपाट घ्यावा.

भाज्या बारीक चिरायच्या, मिठात कालवायच्या आणि तासभर ठेवून द्यायच्या. पाणी सुटतं. मग त्याच पाण्यासकट मिक्सरमधून काढायचं, फार गुळगुळीत नाही, ओल्या खोबऱ्याच्या चटणीइतपत. बरण्या भरायच्या, वर तारीख लिहायची, फ्रीझरमध्ये. शिजवायचं काही नाही! गॅस पेटवायचासुद्धा नाही. आणि सगळ्यात भारी भाग पुढे आहे: हे दगडासारखं गोठत नाही. मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा खूप खाली गोठतं, मीठ भरपूर असेल तर उणे २१ अंशांपर्यंत तग धरतं. घरचा फ्रीझर असतो उणे १८ला. त्यामुळे थोडा बर्फ धरतो, पण चमचा आत जातो. रात्री साडेआठला घरी आलेल्या माणसाला 'आधी दोन तास बाहेर काढून ठेवा' असलं काही सांगणारी रेसिपी निरुपयोगी असते. ही तशी नाही.

एक अडचण आली ती वेगळीच. आम्ही उशिरा सुरुवात केली आणि मिक्सर लावायची वेळ आली तेव्हा बारा वाजून गेले होते. बाईंनी हात वर केला. दुपारी बारा ते एक शांततेची वेळ, घराच्या नियमावलीत लिहिलंय. रात्री दहानंतर शांतता, रविवारी दिवसभर शांतता. स्वतःच्याच घरात, स्वतःच केलेल्या नियमापायी, ब्याऐंशी वर्षांची बाई मिक्सरच्या बटणापासून हात दूर ठेवून एक वाजायची वाट बघत बसली होती. मी शेंगदाणे कुटणारी आमची शेजारीण डोळ्यांसमोर आणली आणि गप्प बसले.

त्या तासाभरात त्यांनी मला दुसरी युक्ती शिकवली. फ्रीझरमध्ये एक पिशवी कायमची उघडी ठेवायची. गाजराची शेंडी-बुडखी, लीकची वरची जून पात, कांद्याचं पहिलं जाड पापुद्र्याचं आवरण, पार्सलीच्या काड्या, मशरूमचे देठ, सगळं धुऊन त्यात. पिशवी भरली की पातेल्यात, बुडेल इतकं थंड पाणी, चार मिरी, एक तमालपत्र. मंद आचेवर पाऊण तास. जास्त नाही, भाजीचं पाणी उकळत ठेवलं की चव मरते आणि फक्त उकडल्याचा वास राहतो. कोबी-फ्लॉवर टाकायचे नाहीत, सगळ्या घराला कळतं. बीट टाकलं तर सूप जांभळं. बटाट्याने गढूळ होतं. गाळून, गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये. म्हणजे क्यूब तयार! आणि दोन फ्रँकच्या पिशवीत जाणारा कचराही कमी, हा स्विस हिशेब त्यांनी न चुकता ऐकवला.

एका रविवारी त्या म्हणाल्या, चला, तुम्हाला मॅगीच्या गावात नेते. मला वाटलं चेष्टा. विंटरथूरहून एस-७ लोकल पकडली आणि पहिल्याच काही मिनिटांत एका छोट्या दरीतल्या स्टेशनवर उतरलो. केम्पथाल. केम्प नावाची लहानशी नदी, तिची ही दरी. रोज सकाळी मी जलद गाडीने याच स्टेशनवरून भर्रकन जात होते. रूळांना लागूनच जुन्या कारखान्याच्या उंच इमारती.

इथे युलिउस मॅगीची पिठाची गिरणी होती. बाप इटलीतून आलेला, पोरगा १८४६चा, गिरणीचा धंदा तेव्हा बसत चाललेला. आणि तेव्हा स्वित्झर्लंडची हालत म्हणजे आज आपण ज्याला 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणून रडतो ना, ते काहीच नाही. १८७७ साली कायदा झाला तो कामाचे तास कमी करून अकरावर आणायला! बायका कारखान्यात, घरी स्वयंपाकाला ना वेळ ना जळण. फ्रिडोलिन शुलर नावाचे एक डॉक्टर होते, सरकारी कारखाना-निरीक्षकही होते. १८८२ साली त्यांनी कामगारांच्या निकस जेवणाचा प्रश्न मांडला. मांस परवडत नाही, तर वाटाणे, घेवडे, डाळी खा, त्यांत प्रथिनं आहेत. पण डाळ शिजायला वेळ लागतो. मग काय करायचं? मॅगीने कडधान्यांवर प्रक्रिया करून त्यांचं चटकन शिजणारं पीठ काढलं, १८८४ साली. दोन वर्षांनी त्याचीच तयार सूपं आली.

मी बाईंना थांबवलं. डाळीचं पीठ, उकळतं पाणी, दहा मिनिटांत जेवण. आमच्याकडे याला पिठलं म्हणतात! त्यांना पिठलं समजावून सांगायला मला स्टेशनच्या बाकावर बसून कागदावर चित्र काढावं लागलं. आमच्या पणज्यांनी कंपनी काढली नाही, एवढाच काय तो फरक.

सूपाचा क्यूब आला १९०८ साली. त्याच वर्षी जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या पाण्यातली ती 'आणखी हवीशी वाटणारी' चव शोधून काढली आणि तिला उमामी असं नाव दिलं. पुढे क्यूब इतका पसरला की १९१२ साली पिकासोच्या एका चित्रात त्याची पाटी आली. १९४७मध्ये मॅगी नेस्लेमध्ये गेली. मग ऐंशीच्या दशकात त्याच नावाच्या नूडल्स आपल्याकडे आल्या, पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आज केम्पथालमध्ये मॅगी बनत नाही. आवाराचं नाव आता 'द व्हॅली'. जुन्या देखण्या गाड्यांचा व्यवसाय आहे, ऑफिसं आहेत, जिवोदाँ या स्वाद आणि सुगंध बनवणाऱ्या बड्या कंपनीचं संशोधन केंद्र आहे. आणि वाटाण्याच्या प्रथिनांपासून 'चिकन' बनवणारी एक स्विस स्टार्टअप. बाईंनी ती पाटी वाचली आणि खांदे उडवले. "परत वाटाणेच," त्या म्हणाल्या.

त्यांची आई इथे कामाला होती. पॅकिंग खात्यात, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा तिच्या कोटाला, केसांना तो वास असायचा. आल्या आल्या ती चुलीवर पाणी ठेवायची, क्यूब टाकायची, त्यात शिळा पाव. तेच रात्रीचं जेवण, चार पोरांचं. मी जरा शहाणपणा दाखवायला गेले. म्हटलं, म्हणून तुम्ही पुढे घरचं बनवायला लागलात, त्या क्यूबला कंटाळून?

त्या चालता चालता थांबल्या. "त्या क्यूबने आम्हाला वाढवलं. त्याला नावं ठेवायची नाहीत. माझ्या आईकडे वेळ नव्हता. माझ्याकडे आहे. मी बनवते." आणि मग जरा वेळाने, गाडीत बसल्यावर: "तुमच्याकडे आहे की नाही, ते मला माहीत नाही. शुक्रवारची सुट्टी घ्यायला तीन आठवडे लागले."

नेहमीच्या प्रवासवर्णनात इथे लेखिका खिडकीबाहेर बघते. मीही बघितलं. बाहेर मोटारींचा हमरस्ता होता.

सुट्टीचं सांगायचं तर, मॅनेजरला नुसतं विचारल्यावर त्याने दोन मिनिटांत हो म्हटलं होतं. विचारायलाच मी तीन आठवडे लावले होते.

सप्टेंबरात कळलं की बाई घर सोडतायत. वृद्धाश्रमात जागा मिळाली होती, ऑक्टोबरअखेर जायचं. जिने जमत नव्हते. मुलगा कॅनडात. तिथे त्यांना एक खोली, एक छोटा फ्रिज, स्वयंपाकघर नाही. जेवण खालच्या हॉलमध्ये. त्यांनी हे सगळं मला गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं आणि विचारलं, तळघरातला फ्रीझर रिकामा करायला मदत कराल का?

तळघरातला फ्रीझर म्हणजे आडवी पेटी, आपल्याकडे आइस्क्रीमच्या दुकानात असते तेवढी. चाळीस वर्षांचा संसार त्यात थरांनी रचलेला. वरती यंदाची बरणी, खाली फरसबी २०२१, आलुबुखार, मग मळ्यातला शेवटचा पालक. प्रत्येकावर चिठ्ठी, बाईंच्या बारीक तिरप्या अक्षरात. मी उचलून द्यायचे, त्या वाचून दोन ढीग करायच्या, खायचा आणि टाकायचा. तळाशी पोचलो तेव्हा एक चौकोनी डबा निघाला. त्यावरचं अक्षर वेगळं होतं, मोठं, गोल. लाल करवंदांसारखी आंबट फळं असतात ती, योहानिसबेरी. साल २०१६.

त्यांचे यजमान २०१६च्या नोव्हेंबरमध्ये गेले होते. मला ते माहीत होतं, जिन्यातल्या फोटोखाली तारीख होती.

मी डबा हातात धरून उभी. कुठल्या ढिगात ठेवायचा हे विचारायची माझी हिंमत होईना. बाईंनी तो घेतला, पदराने पुसावा तसा अॅप्रनने पुसला. सात वर्षांत दर उन्हाळ्यात त्यांनी तो वर काढून पुन्हा तळाशी ठेवला असणार, कारण त्याच्याभोवती बर्फ जमलेला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "रवा आहे तुमच्याकडे?"

रवा होता. गुढीपाडव्याला शिरा करीन म्हणून पुण्याहून आणलेला, न फोडलेला. त्यांनी दुधात तो शिजवला, थोडी साखर, लिंबाची साल. त्यांच्याकडे लहान मुलांना करतात तसा, आपल्या खिरीहून घट्ट. फळं साखरेत उकळून वर ओतली. चव खरं सांगू? बर्फाचा वास लागला होता. सात वर्षांत लागणारच. आम्ही दोघींनी डबाभर संपवलं. खाऊन झाल्यावर त्यांनी छोट्या ग्लासांत काहीतरी कडक ओतलं, माझ्या ग्लासाला ग्लास लावला आणि आपलं पहिलं नाव सांगितलं. जर्मनमध्ये हा रीतसर विधी आहे. थोरल्या माणसाने 'तुम्ही'चं 'तू' करायचं असतं, धाकट्याने नाही. मी मराठी मुलगी, ब्याऐंशी वर्षांच्या बाईला एकदम 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळली. म्हणूनच इथे अजून 'त्या' लिहितेय.

शेवटची बरणी आम्ही त्याच आठवड्यात केली. सहा बरण्या झाल्या. तीन माझ्या, दोन शेजाऱ्यांच्या, एक छोटी त्यांची. कुंडीतला लीबश्टोकेल माझ्या बाल्कनीत आला.

नोव्हेंबरमध्ये त्यांना भेटायला गेले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. हॉलमध्ये पांढऱ्या वाट्यांमधून पातळ सूप आलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून ती छोटी बरणी काढली, एक चमचा आपल्या वाटीत, एक शेजारच्या आजोबांच्या वाटीत, आणि बरणी गुडुप. आजोबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बरणी अर्ध्यावर आली होती. पुढच्या खेपेला मी भरून नेली.

फेब्रुवारी २०२४मध्ये मी परत आले. पुण्यात हा प्रकार जमवायला दोन-तीन प्रयोग लागले. लीकऐवजी पातीचा कांदा, भरपूर. सेलरीचा गड्डा मंडईत दिसला नाही, पण इंग्लिश भाजीवाल्यांकडे सेलरीच्या दांड्या मिळतात. त्या आणि नवलकोल अर्धे-अर्धे. पार्सलीच्या जागी कोथिंबीर, काड्यांसकट. लीबश्टोकेलची सोय नाही. कुंडीत आपण ज्याला ओव्याचं झाड म्हणतो त्याची पानं घालून पाहिली आणि फसले. ते खऱ्या ओव्याचं झाड नसतंच, पुदिना-तुळशीच्या कुळातलं असतं. चव भलतीच. खरा ओवा, जिरं, बडीशेप, कोथिंबीर, गाजर, सेलरी आणि तो मॅगीचा पाला हे सगळे एकाच कुळातले. म्हणून मी आता चिमूटभर ओवा भाजून मिक्सरमध्ये टाकते. मॅगीचा वास येत नाही. दुसराच येतो, तोही चांगला आहे. खिचडीला मिठाऐवजी दोन चमचे हे घाला. उपम्याच्या पाण्यात घाला. ऑफिसमधून रात्री आलात, काहीच सुचत नाही, तर नुसतं मगात.

आईने पहिल्यांदा बरणी पाहिली तेव्हा ती नाक मुरडेल असं मला वाटलं होतं. तिच्या फ्रीझरमध्ये कांदा-खोबऱ्याचं वाटण वर्षानुवर्षं बर्फाच्या ट्रेमध्ये मुक्कामाला असतं, आणि बाबांच्या सरबताला लसणाचा वास येतो म्हणून दर उन्हाळ्यात भांडण होतं. तिला हे नवीन नव्हतंच. एक बोट चाटून म्हणाली, "पुरणाच्या दिवशी कट काढतो तसंच की. फक्त डाळ नाही." मग मगात घालून प्यायली, दुसरा मागितला. मी त्या नादात तिला कप-सूपचं सांगून टाकलं. अकरा कप, सहा किलो, सगळं. आमटी-भात खोटा होता हेही.

"माहितीय," आई म्हणाली.

"कसं?"

"चार महिने फोनवर बोलत होतीस. तुझ्या मागे एकदा तरी कुकरची शिटी ऐकू आली का?"

मग तिने मग विसळला, बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "यावर तारीख का नाही घातलीस?"